गाण्याच्या दिवशी ताटात काय, पेल्यात काय

मध चाटला, ज्येष्ठमध चघळलं, कोमट पाणी प्यालं की ते थेट आवाजाला जाऊन लागतं, असं बहुतेक गाणारे धरून चालतात. तसं होत नाही. गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडतं आणि घास असो की घोट, तो मागच्या अन्ननलिकेतून खाली उतरतो. स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथे पाण्याचा एक थेंब चुकून गेला तरी जोराचा ठसका लागतो. म्हणजे ठसका न लागता जे पोटात गेलं, त्याने स्वरतंतूंना स्पर्शही केलेला नसतो.

तरीही खाण्यापिण्याने आवाज बदलतो, तो चार वाटांनी. अंगातलं पाणी कमी होतं आणि स्वरतंतूंवरचा ओलावा घट्ट होतो. पोटातलं आम्ल वर येऊन स्वरयंत्राची मागची बाजू सुजवतं. घशात चिकटा किंवा कण राहतो आणि माणूस खाकरत बसतो. नाहीतर पोट इतकं भरलेलं असतं की श्वास खाली उतरत नाही. एखादा पदार्थ गाणाऱ्याला चालेल का, असा प्रश्न पडला की या चार वाटा तपासायच्या. बहुतेक वेळा उत्तर पदार्थापेक्षा घड्याळात सापडतं: तोच घास दुपारी एकला निर्धोक असतो आणि संध्याकाळी सातला आवाज बसवतो.

पाणी: सकाळपासून प्यायचं, पडद्यामागे नव्हे

काळी चार पट्टीत, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या बाई मध्य सप्तकातला सा लावतात, तेव्हा स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांना भिडतात. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा सा असेल तर सुमारे १३९ वेळा. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लागला की आकडा दुप्पट. एवढी घासाघीस सोसायची तर मधला ओलावा पातळ आणि निसरडा हवा. तो घट्ट झाला की आवाज सुरू करायलाच जास्त जोर लावावा लागतो. सर्वांत आधी जातात ते वरचे हळू सूर. मोठ्याने तार षड्ज लागतो, पण तोच हलक्या आवाजात लावायला गेलं की नुसती हवा येते किंवा सूर उशिरा फुटतो. अशी लक्षणं दिसली की घशाला औषध शोधण्याआधी दिवसभरात पाणी किती गेलं ते मोजावं.

प्यालेलं पाणी रक्तात मिसळून मग या ओलाव्यापर्यंत पोचतं आणि त्याला काही तास लागतात. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहून गटागटा प्यालेला तांब्या त्या कार्यक्रमाच्या कामाला येत नाही. त्याने तोंड ओलं होतं, पोट डचमळतं आणि दुसऱ्या गाण्याला लघवीची घाई होते.

हिशोब असा ठेवावा. उठल्यावर एक पेला कोमट पाणी, २०० ते २५० मिली. पुढे संध्याकाळपर्यंत दर तासाला साधारण तेवढंच. एरवी दिवसाला अडीच लिटर पुरतं. पण एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा तीन ते साडेतीन लिटर लागतं. लघवीचा रंग फिकट गवती असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद पिवळा असेल तर नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

उन्हात फिरून घाम गेला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, मीठही भरून काढावं लागतं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. ते दुपारभर घोट घोट घ्यावं. मीठ अंदाजाने टाकू नये, जास्त झालं तर उलट तहान वाढते. शहाळं उत्तम. लिंबू सरबत चालतं, पण पेल्याला पाव लिंबू पुरे. ज्यांना आंबट ढेकर येतात त्यांनी ते दुपारपर्यंतच घ्यावं, आणि कैरीच्या पन्ह्यालाही हाच नियम.

कार्यक्रमाच्या शेवटच्या तासात मोठे पेले थांबवावेत. मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये दोन-तीन घोट, तेही साध्या किंवा कोमट पाण्याचे. थंड पाण्याने स्वरतंतू खराब होतात असा पुरावा नाही, मात्र बर्फाच्या पाण्याने घशाचे स्नायू आखडल्यासारखे वाटतात. गाताना तो अडथळा कशाला हवा? उकळता चहाही तितकाच वाईट, कारण भाजलेला घसा दोन दिवस दुखतो.

थेट स्वरतंतूंपर्यंत पोचणारं पाणी एकच, वाफेचं. पातेलं आचेवरून खाली उतरवून, चेहरा हातभर लांब ठेवून, पाच ते दहा मिनिटं शांतपणे नाकाने आणि तोंडाने आलटूनपालटून श्वास घ्यावा. त्यात बाम, कापूर, निलगिरी टाकू नये, त्याने आतली त्वचा उलट चुरचुरते. जाता जाता: खोलीत एसीपेक्षा पाण्याचा कूलर आवाजाला बरा, कारण एसी हवा कोरडी करतो. फक्त कूलरच्या झोतात झोपू नये.

आम्ल: ज्याचा संशयच येत नाही

छातीत जळजळ होत नाही म्हणजे आपल्याला पित्त नाही, असं गाणारे ठामपणे सांगतात. पण स्वरयंत्रापर्यंत येणारं आम्ल बरेचदा छातीत जळजळ न करताच येतं, कधी झोपेत, कधी दिवसा उभ्यानेही. अन्ननलिकेला आम्ल थोडंफार सोसतं, स्वरयंत्राला अजिबात सोसत नाही. आम्लाबरोबर पोटातलं पेप्सिन हे पाचकद्रव्यही तिथे चिकटून राहतं.

ओळखायचं कसं? सकाळी आवाज घोगरा, तोंडाला आंबूस चव, घशात काहीतरी अडकल्याची भावना, सारखं खाकरणं, आणि अकरा-बाराच्या सुमाराला आवाज आपोआप मोकळा होणं: हे आम्लाचं लक्षण. सकाळी आवाज चांगला आणि संध्याकाळी थकलेला असेल तर तो अतिवापर. नाक वाहत असेल, अंग मोडून आलं असेल तर सर्दी. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींवर आल्याचा काढा हा एकच उपाय करणं हे आपल्याकडचं नेहमीचं चुकतं पाऊल. आम्लाच्या दुखण्यावर तिखट आल्याचा काढा म्हणजे आगीत तेलच.

उपाय साधे आहेत, पण चिकाटीने करायचे. शेवटचं खाणं आणि अंथरूण यांत तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण सहा इंचांचा चढ होतो. जास्त उशा घेऊन हे साधत नाही. उशांनी पोट दुमडतं आणि आम्ल आणखी वर ढकललं जातं. डाव्या कुशीवर झोपावं. रात्री तळलेलं, तूप-तेलाचा थर असलेलं, चॉकलेट, सोडा, दारू आणि पुदिना टाळावा. पुदिन्याचं नाव ऐकून लोक चमकतात, पण तो अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा आवळ सैल करतो. म्हणून जेवणानंतर पुदिन्याच्या गोळ्या चघळण्याची सवय गाणाऱ्याला महागात पडते. फरक आठवड्यात दिसेल असं धरू नये, सुजलेलं स्वरयंत्र निवळायला कित्येक आठवडे लागतात.

नऊवारी किंवा कमरपट्टा घट्ट बांधून गाणाऱ्या लावणी कलावंतांनी एक गोष्ट वेगळी सांभाळावी. पोट आवळलेलं असताना जेवण झालेलं असेल तर आम्ल उभ्यानेही वर येतं. नेसण्याआधी किमान दोन तास जेवण आटोपलेलं असावं.

आता सोलापुरी ताट

इथल्या जेवणाला नावं ठेवण्याचं कारण नाही. ज्वारीची भाकरी, पातळ आमटी, पालेभाजी, ताक हे गाणाऱ्याला मानवणारं जेवण आहे. अडचण तीन-चार ठिकाणी येते.

पहिली शेंगाची चटणी. शेंगदाण्यात जवळपास निम्मं वजन तेलाचं असतं आणि उखळात कुटल्याने ते तेल सुटून चटणी ओलसर होते, तिची चव त्यातच आहे. पण तेलकट पदार्थ पोटातून हळू पुढे सरकतो, त्यात लाल तिखट आणि लसूण. शिवाय दाण्याचा भरड कण घशाच्या मागच्या खाचेत अडकला की तासभर खवखवतं. गाण्याच्या दिवशी चटणी दुपारच्या जेवणातच घ्यावी, एक चमचा, दह्यात कालवून. वरून कच्चं तेल नको. संध्याकाळच्या ताटात ती ठेवूच नये, कारण समोर दिसली की एका चमच्यावर कुणी थांबत नाही.

दुसरी कडक भाकरी. ती गुणाने चांगलीच, पण तिचे सुके तुकडे आणि भुगा ठसक्याला आमंत्रण देतात. जोराच्या ठसक्यात स्वरतंतू गाण्यापेक्षा कितीतरी जोरात आपटतात. पंधरा मिनिटं सलग खोकलं की त्या दिवसाचा रियाज गेला असं समजावं. कडक भाकरी खायचीच तर आमटीत चुरून, पूर्ण भिजल्यावर. मंचामागे डब्यातून नेण्यासाठी मऊ भाकरीच बरी.

तिसरा हुरडा. थंडीत शेतावर हुरडा पार्टी ठरली की गाण्याची फर्माइश ठरलेलीच. कोवळा हुरडा पचायला त्रास देत नाही, मात्र पोटात वायू धरतो, म्हणून आधी गाणं आणि मग हुरडा. खरा त्रास आगटीच्या धुराचा. गोवऱ्यांच्या धुराने स्वरयंत्राची त्वचा कोरडी होऊन सुजते आणि त्या अवस्थेत वरची पट्टी लावली की दुसऱ्या दिवशी आवाज उमटत नाही. वारा कुठून येतो ते पाहून आगटीच्या त्याच अंगाला, दहा-पंधरा पावलं लांब बसावं.

सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्यावरचं, म्हणजे जत्रेतलं, खाणं धूळ आणि तळणाचं असतं. जानेवारीच्या कोरड्या थंडीत त्या आठवड्यात कुणाचा कार्यक्रम असेल, तर फिरायला जावं आणि खाणं घरी करावं.

मटणाचा प्रश्न वेळेचा आहे. दुपारी मटण-भाकरी खाऊन रात्री नऊला गाता येतं. कार्यक्रमानंतर यजमान रात्री एकला तर्रीचा रस्सा वाढतात आणि गाणारा दोनला झोपतो, तिथे बिघडतं. दोष दुसऱ्या दिवशी माईकवाल्याला दिला जातो.

दूध, दही, केळी आणि ‘कफ’

दुधाने कफ तयार होतो ही समजूत जुनी आहे. तपासून पाहिलं तेव्हा दुधाने शरीरात जास्त कफ बनत असल्याचं आढळलेलं नाही. दूध लाळेत मिसळून दाट होतं आणि घशावर तो दाटपणा जाणवतो, इतकंच. पण गाणाऱ्याला जाणीव पुरेशी असते: तो खाकरतो, आणि खाकरण्यानेच आवाज बिघडतो. म्हणून पेढा, बासुंदी, आइस्क्रीम, साईचं दही गाण्याआधीच्या दोन तासांत नको. रात्री झोपण्यापूर्वीचं हळदीचं दूध कुणाला मानवतं, कुणाला त्याने पित्त होतं. सकाळच्या आवाजावरून ठरवावं. पातळ, ताजं, आंबट न झालेलं ताक दुपारी चांगलं. केळं पोटाला आधार देतं, पण काहींच्या घशात चिकटतं. एकदा रियाजाआधी खाऊन पाहावं, कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.

चिकटा जाणवलाच तर खाकरू नये. एक घोट पाणी घेऊन हनुवटी किंचित खाली करून जोर देऊन गिळावं, मग ओठ मिटून मधल्या सुरात हलका हुंकार. दोनदा-तीनदा केलं की बहुतेक वेळा सुटतं.

चहावरही असाच आरोप होतो. त्यातल्या कॅफिनने लघवी थोडी वाढते, पण रोज चहा पिणाऱ्यांच्या बाबतीत हा परिणाम किरकोळ असतो. दिवसाला दोन-तीन छोटे कप कुणाचा आवाज घालवत नाहीत. अडचण असते ती रिकाम्या पोटीच्या चहाची, दाट दुधाच्या आणि भरपूर साखरेच्या चहाची, आणि जागरणात दर तासाला येणाऱ्या कपाची. कोरा, कोमट, अर्धा कप घ्यावा आणि मागोमाग तेवढंच पाणी.

उपवास आणि जागर

पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट जवळ असल्याने इथल्या गाणाऱ्याचे पुष्कळ कार्यक्रम उपवासाच्या दिवशीच येतात. एकादशीला सकाळी दोन कप चहा, दुपारी शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स आणि रात्री दोन तास उभ्याने कीर्तन. यात आम्लाला हवं ते सगळं आहे: रिकामं पोट, तेल, तळण. साबुदाणा घशाला चिकटतो तो वेगळाच.

त्याऐवजी सकाळी चहाआधी चार भिजवलेले बदाम किंवा दोन खजूर आणि पाणी. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, पण आमटीत कूट नेहमीच्या निम्मं आणि मिरची एकच. चारच्या सुमाराला पपई किंवा उकडलेलं रताळं. कीर्तनाआधी अडीच तास पोट बंद, फक्त पाणी. निर्जळी उपवास करून त्याच रात्री गाणं टाळता आलं तर टाळावं. श्रद्धा ज्याची त्याची, पण कोरड्या स्वरतंतूंवर दोन तास गाण्याची किंमत आवाजच देतो. नवरात्रातल्या जागराला आणि गोंधळाला पुरणपोळीचा नैवेद्य दुपारी घ्यावा, दोन पोळ्यांवर थांबावं आणि तूप वरून न घेता अगदी थोडं लावावं.

कार्यक्रम रात्री नऊचा असेल तर

खेड्यात नऊ म्हणजे साडेदहा, हे धरूनच ताट आखावं. दुपारी एकला पूर्ण जेवण. साडेसहाला हलकं खाणं: मुगाची मऊ खिचडी दीड वाटी, किंवा एक मऊ भाकरी आणि दोडक्याची अथवा दुधी भोपळ्याची कमी तिखट भाजी. भरलेल्या पोटाने श्वासपटल पुरेसं खाली सरकत नाही, त्यामुळे लांब तान अर्ध्यात तुटते. उपाशी राहिलं तर तासाभरात हात थरथरतात आणि श्वास उथळ होतो. साडेसहाच्या खाण्यावर नऊला सुरुवात झाली तर ठीक. लांबलीच तर साडेनऊच्या सुमाराला दोन खजूर किंवा अर्धी भाकरी पाण्यात किंवा वरणात बुडवून, त्याहून जास्त नाही. यजमानांचा ‘थोडं तरी घ्या’ हा आग्रह कार्यक्रमानंतरच्या ताटावर ढकलावा. तेव्हाही वरणभातच घ्यावा, आणि पोटभर नको.

मधल्या वेळेत तोंडात काय ठेवावं, हा नेहमीचा प्रश्न. खडीसाखरेचा छोटा खडा किंवा लवंगेचा तुकडा लाळ सुटण्यापुरता ठीक. ज्येष्ठमधाची बोटाच्या पेराएवढी काडी चघळायला हरकत नाही, पण ती रोजची सवय करू नये. ज्येष्ठमध सतत आणि जास्त घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम घटतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणि गरोदर बायांनी ते टाळावं. मेन्थॉलच्या झणझणीत गोळ्या सर्वांत फसव्या. त्या घसा बधिर करतात, दुखणं कळत नाही, आणि माणूस सुजलेल्या आवाजावर जोर लावत राहतो. मंचाआधीची दारू हेच करते, वर अंगातलं पाणीही काढून टाकते. चुन्याचं पान, तंबाखू, मावा, मिश्री, बिडी यांच्याबद्दल प्रमाण सांगण्यासारखं काही नाही: शून्य.

गुळण्यांना अर्धा छोटा चमचा मीठ आणि एक पेला कोमट पाणी पुरे. त्या घशाची सूज आणि चिकटा कमी करतात, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाहीत. यंत्रमागावर काम करून संध्याकाळी भजनाला जाणाऱ्यांना मात्र त्यांचा चांगला उपयोग होतो. घशात बसलेला सुताचा तंतू आणि धूळ निघून जाते. कामावर नाकातोंडाला कापड बांधलेलं असेल तर आणखी बरं.

सर्दीची गोळी कार्यक्रमाच्या दिवशी विचारल्याशिवाय घेऊ नये, नाक सुकवणारं औषध स्वरतंतूही सुकवतं. ॲस्पिरिनने रक्त पातळ होतं आणि जोर लावून गाताना स्वरतंतूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बंद करू नये, गाण्याचं त्यांना सांगावं.

स्वतःला काय बाधतं हे शोधायचं तर दोन आठवडे वही ठेवावी. रात्री शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, एवढंच लिहावं. सकाळी बोलण्याआधी मध्य सा पासून वर हलक्या आवाजात सूर लावत जावं आणि कुठल्या सुरावर हवा आली ते नोंदवावं. एका वेळी एकच पदार्थ बंद करावा, चार दिवस. चार पदार्थ एकदम सोडले तर दोषी कोण ते कळत नाही आणि माणूस आयुष्यभर उगाच दही सोडून बसतो.

गाताना आवाज एकाएकी गेला तर तिथेच थांबावं, त्या रात्री कुजबुजूही नये आणि दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, गिळताना दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर ताट बदलत बसू नये. दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यावं. त्या तपासणीला काही मिनिटंच लागतात.